लांब बाह्या

शलाकाच्या होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदाच घरी आल्या होत्या. आई चहा घेऊन बाहेर आली, तसा तिच्या ब्लाउजने उजेड पाहून गर्द जांभळा रंग धरला. घालणाऱ्याचा वर्ण आणि अंगकाठी बघून शोभेल तो रंग, शोभेल ती शिवण हे कापड स्वतःच ठरवायचं. आता घरोघरी तेच होतं. पण आई कप ठेवायला वाकली आणि बाह्या कोपरावरून उतरत थेट बोटांपर्यंत आल्या.

“अगं बाई, हे काय आज?” आईने हसत बाही वर सारली. ती पुन्हा खाली आली. “शलाका, बिघडलं की काय गं?”

शलाकाने मान खाली घातली. बिघडलं काहीच नव्हतं. सकाळी आई आंघोळीला गेली असताना तिनेच फोनवरून ब्लाउजला बजावलं होतं, की पाहुण्यांसमोर हातांवरचे कोडाचे पांढरे डाग झाकायचे. याच हातांनी आई पंचवीस वर्षं शाळेत फळ्यावर लिहीत आली होती. ते लपवावेत असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आईने तिच्याकडे पाहिलं आणि बाही सारायची थांबली.

“धुण्यात बिघडतात हो हे कपडे,” ती पाहुणीला म्हणाली.

शलाकाला ते ऐकवेना. “बिघडलं नाही, काकू. आईच्या हातांवर कोड आहे. तुम्हाला दिसू नये म्हणून मीच हे केलंय.” तिने फोनवरची सूचना पुसली. बाह्या सरसर वर गेल्या.

“अहो, त्यात काय एवढं! बसा ना तुम्हीही,” सासूबाई म्हणाल्या.

आई बसली. पण दोन्ही हात तिने पदराखाली घेतले, ते पाहुण्या जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत.