काळे भुंगेरे

नवा मध्य प्रदेश झाला, त्याच्या दुसऱ्या साली भोपाळहून शेतकीसाहेब बहादरपुरात आले. शेताकडेच्या दलदलीत राहणारे काळे भुंगेरे मारायला त्यांनी घरोघर पावडर वाटली.

"साहेब, ते कपाशी नाही खात. कपाशीवरच्या अळ्या खातात," गोदाबाई म्हणाली.

साहेब पटवाऱ्याकडे वळून हसले. "अब ये हमें सिखाएगी।"

गोदाबाईने पुडी फोडलीच नाही. दिवाळीपर्यंत गावभरची बोंडं अळ्यांनी पोखरली, एकट्या तिच्या शेतात कापूस फुटला. साहेबांनी तिला सत्काराला बुऱ्हाणपुरात बोलावलं. उशिरा का होईना, माणसाला उमगलं, असं म्हणत ती नवं लुगडं नेसून गेली.

मंचावर पटवाऱ्याने तिचं मानपत्र मोठ्याने वाचलं, "सरकारी पावडरीचा सर्वोत्तम वापर केल्याबद्दल."