मधलं पाणी

"मार उडी! रंजिता, मार!"

रंजिता बोटीच्या पुढच्या टोकाला दोर धरून उभी होती. समोर बहारीनमधल्या बुदय्याच्या छोट्या बंदराचा दगडी धक्का होता. धक्का आणि बोट यांच्यामध्ये काळपट हिरवं पाणी वरखाली होत होतं. दुपारपासून शमाल सुटला होता. वायव्येचा तो कोरडा वारा बोटीला धक्क्यापासून लांब ढकलत होता.

"अगं, बघतेस काय नुसती? मार!"

मागे सुकाणू धरून तिचा नवरा मयुरेश ओरडत होता. त्याच्या शेजारी त्याचे साहेब जयप्रकाश आणि त्यांची बायको सुनीता बसले होते. ही जुनी शिडाची बोट मयुरेशने हौसेने विकत घेतली होती. जनाबियातल्या घरापासून बंदर जवळ, त्यामुळे शुक्रवारी कुणाला ना कुणाला घेऊन तो समुद्रावर जायचा. समुद्रावर तो फार छान असायचा. शीड फुगलं की गाणी म्हणायचा, पाहुण्यांना स्वतः चहा ओतून द्यायचा. परतताना बंदराच्या तोंडाशी शीड उतरवून इंजिन चालू केलं की त्याचा आवाज बदलायचा.

रंजिताने उडी मारली नाही. वाऱ्याने बोट आडवी वळली आणि शेजारी बांधलेल्या मासेमारीच्या लाँचला घासत गेली. लाँचवर जाळं सावरत बसलेला म्हातारा बहारिनी कोळी उठून उभा राहिला. दोन्ही हात खाली दाबत म्हणाला, "शुवय, शुवय." हळू, हळू.

मयुरेशने कशीबशी बोट मोकळ्या पाण्यात मागे घेतली. त्याचे कान लाल झाले होते.

"बघितलंत ना सर? एक काम असतं हिला. एक! तेवढंही जमत नाही."

जयप्रकाश हसले. "अरे, बायकांना कशाला उड्या मारायला लावतोस?"

सुनीता हसली नाही. "भावजी, तिचा पाय आत्ता कुठे बरा झालाय हो. जिन्यावरून पडली तेव्हा केवढं प्लास्टर होतं! आमच्या रिफाहून मीच डबा आणत होते की."

रंजिताने दोर पायाशी टाकला आणि कठड्याला धरत मागे आली.

"मी जिन्यावरून पडले नव्हते, वहिनी. इथे पडले. ह्याच धक्क्यावर. हा असाच ओरडत होता म्हणून मारली उडी. जिन्याचं ह्याने सांगितलं सगळ्यांना. मग मीही तेच सांगत राहिले."

इंजिन तेवढं धडधडत होतं.

"रंजिता, ही वेळ आहे का हे बोलायची?" मयुरेश दातांतल्या दातांत म्हणाला.

"नाही. ऊठ तिथून. सुकाणू मी धरते, दोर तू घे."

"तुला येतं का बोट लावायला?"

"नाही येत. तुलाही येत नाही. म्हणून तर मला उड्या माराव्या लागतात."

मयुरेशने साहेबांकडे पाहिलं. साहेब पाण्याकडे बघत होते. तो उठला आणि पाय आपटत पुढे गेला.

रंजिताने सुकाणू धरलं. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती आईशी फोनवर हसत बोलली होती, 'अगं, मीच वेंधळी, बघून चालत नाही.' त्या हसण्याची तिला आत्ता चीड आली. मयुरेशपेक्षाही जास्त चीड त्या हसण्याची आली. तिने दात घट्ट मिटले आणि बोट धक्क्याकडे वळवली.

बोट पुढे सरकली. धक्का जवळ आला आणि वाऱ्याने टोक पुन्हा बाहेर लोटलं.

मयुरेश दोर घेऊन उभा होता. मागे सुकाणूपाशी बसून हे मधलं पाणी दिसत नसे. बोटीच्या टोकाआड ते झाकलं जाई. तो इथे कधी उभाच राहिला नव्हता. पाणी खाली जायचं तेव्हा धक्क्याचा शेवाळलेला दगड उघडा पडायचा आणि त्याला चिकटलेल्या कालवांच्या धारदार कडा दिसायच्या. त्याने गुडघे वाकवले. सरळ केले. पुन्हा वाकवले.

रंजिताला त्याची पाठ दिसत होती. मार ना! बघतोस काय नुसता? सगळे शब्द तिला पाठ होते. ते तिला ओरडायचे होते. एवढं जमत नाही का, हेही सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. घशापर्यंत आलेलं तिने गिळलं.

"रंजिता!" मयुरेशच ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "खूप लांब आहे गं! पडेन मी! अजून आत घे!"

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."

तिने बोट मागे घेतली. पुन्हा वळवली. पुन्हा हुकलं. लाँचवरचा म्हातारा आता नुसत्या हाताने तिला दिशा दाखवत होता. तिचा राग उतरला नव्हता, तो उतरायला बरेच दिवस लागणार होते. तिने इंजिन अगदी हळू केलं, वाऱ्याचा जोर कमी होईपर्यंत थांबली आणि मग बोट आत घातली.

बोट दगडाला अलगद टेकली. मयुरेशने नुसता पाय उचलला आणि धक्क्यावर ठेवला.