तिचं डोकं

"नाक खाली केलं की या स्पिटफायर विमानाचं इंजिन बंद पडायचं," सूर्यकांत प्लास्टिकचं विमान झुकवत पाहुण्यांना सांगत होता. "ऐन युद्धात! मग एका इंजिनियरने पेट्रोलच्या वाटेत भोकाची चकती बसवली. खलास! काय डोकं असेल त्याचं!" "तिचं," मृणालिनी म्हणाली. "बाई होती ती." "सूर्या, वहिनींनी पाडलं तुझं विमान!" पाहुण्यांतला प्रेस्टन हसला. पाहुणे लिफ्टमध्ये शिरेपर्यंत सूर्यकांतही हसत राहिला. मग दार लावून त्याने तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. "कुणाचं डोकं? म्हण, त्याचं!" "तिचं." पुन्हा आपटलं. "कर पोलिसांना फोन! तुम्हा दोघींचे व्हिसा माझ्या नावावर! रद्द केले की उद्याच शारजा सुटेल." मागे लेक मैथिली फोन कानाला लावून उभी होती. "माय फादर इज हिटिंग..." ती आईकडे बघत थांबली. मृणालिनीने रक्त थुंकलं. "बिल्डिंगचं नाव सांग."