रांगेत कोणी खोकलं नाही

दोन हजार पाच साल होतं. बंदराच्या फाटकासमोर नगरपालिकेचा पांढरा तंबू उभा राहिला, आणि थोरली बाजाराच्या अर्ध्या वाटेतून घरी परतली.

थोरली म्हणजे घरची थोरली सून. गल्लीत तिला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. तिचा नवरा बंदरातून कंटेनर वाहायचा. गाडी स्वतःची, पण म्हातारी. सुरू केली की गल्लीभर काळा धूर, आणि धूर विरायच्या आत नवऱ्याला खोकल्याची उबळ. फाटकावरच्या रांगेत तासन्‌तास बसायचं आणि पुढच्या गाडीचा धूर छातीत भरायचा, यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

आता नगरपालिकेनं लाऊडस्पीकरवर पुकारलं होतं. जुन्या गाड्या मोडीत द्या, गॅसवर चालणाऱ्या नव्या घ्या. निम्मा भार आम्ही सोसू. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हरची छाती नळीत फुंकायला लावून तपासली जाईल.

शेवटचं वाक्य ऐकून नवऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"संपलं," तो म्हणाला.

का संपलं, हे थोरलीला सांगावं लागलं नाही. पूर्वी गाड्या कंपनीच्या होत्या, तेव्हा कंपनीचा डॉक्टर असाच यायचा. छातीला नळी लावायचा, मान हलवायचा, आणि संध्याकाळी मुकादम गाडीची किल्ली काढून घ्यायचा. तिच्या सासऱ्यांची किल्ली अशीच गेली. ते उंबऱ्यात बसले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून बंदरावरचा माणूस दारू कबूल करायचा, मारामारी कबूल करायचा, पण खोकला? छे! खोकला आला तर गाडीची काच वर करून खोकायचं, ही तिथली रीत.

"नवी गाडी मिळाली तर छाती वाचेल तुमची," थोरली म्हणाली. "नाही मिळाली तर..."

मग तिनंच तोड काढली. धाकट्या दिराचा तोंडवळा थेट नवऱ्यासारखा. लायसन्सवरचा फोटो इतका विटलेला की त्यात सासरेही खपून गेले असते. दीर समुद्रातल्या होडीवर कामाला. मोकळ्या वाऱ्यानं छाती नगाऱ्यासारखी. बोलला की पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत.

"फुंकायचंच आहे ना, वहिनी? तंबू उडवून देतो."

"हळू बोला हो, भाऊजी. भिंतीला कान असतात."

"माझ्या आवाजाला भिंत कुठे आडवी येते?"

नवरा हसायला गेला आणि त्याला उबळ आली. थोरलीनं धावत जाऊन खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारीण भेटली. तिचाही नवरा ड्रायव्हर.

"तुमचे हे जाणार ना तपासणीला?" थोरलीनं सहज विचारल्यासारखं केलं.

"न जायला काय झालं? आमच्या ह्यांना काय धाड भरलीय!" शेजारीण बादलीकडे बघत म्हणाली. "आणि तुमचे?"

"ठणठणीत आहेत."

मग दोघी पाण्याच्या धारेबद्दल बोलल्या.

तपासणीला ती भोंग्याबरोबर गेली. नवऱ्याचा शर्ट त्याला खांद्यात घट्ट होत होता. शिवण उसवते की काय, याचीच तिला धास्ती. रांग पार वजनकाट्यापर्यंत गेलेली. एरवी या फाटकावर कोंबडं आरवायच्या आधी माणसं खोकायची. आज रांगेत कोणी खोकत नव्हतं. सगळ्यांनी जीव मुठीत धरलाय, तिला वाटलं. कोणी ओळखू नये म्हणून तिनं मान खाली घातली. आसपासच्या बायकांच्याही माना खालीच होत्या.

तंबूतला डॉक्टर पन्नाशीचा, दमलेला. त्यानं नळी पुढे केली.

"जोरात फुंका."

भोंग्यानं फुंकलं. नळीवरचा काटा झटक्यात टोकाला गेला.

डॉक्टरचा चेहरा पडला.

"पुन्हा."

काटा पुन्हा टोकाला.

"खोकला?"

"नाही."

"रात्री धाप लागते? थुंकी काळी पडते?"

"नाही हो, डॉक्टर."

डॉक्टरनं त्याला न्याहाळलं, मग तिच्याकडे वळला. "बाई, तुम्ही सांगा. घाबरू नका. घरी खोकतात का हे?"

ह्याला कळलं, तिच्या मनात आलं. आता सगळंच जाईल.

"गळ्याशपथ, एकदाही नाही," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. मग हात हलवून म्हणाला, "जा."

बाहेर येताच तिनं भोंग्याला घराकडे पिटाळलं. पुढे कितीतरी दिवस दार वाजलं की ती आधी फटीतून बघायची. पण पकडायला कोणी आलं नाही. तंबू निघाला, आणि गाड्याही आल्या नाहीत. नगरपालिकेची ती गाजराची पुंगी, असं म्हणत गल्ली पुन्हा कामाला लागली.

थोरलीचा नवरा पुढच्याच साली फाटकावरच्या रांगेत गेला. मागचे हॉर्न वाजवत राहिले, गाडी पुढे सरकेना, तेव्हा कळलं. त्याची गाडी भोंग्यानं घेतली. आता त्याचं बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागतो. शेजारीणही विधवा झाली आणि लेकीकडे राहायला गेली.

थोरलीनं सत्तरी गाठली. मागच्या वर्षी भोंग्याला घेऊन ती दवाखान्यात बसली होती, तर शेजारच्या बाकावर तोच डॉक्टर, काठी घेऊन, आपला नंबर लागायची वाट बघत. त्यानं तिला ओळखलं नाही. आता भिण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, "डॉक्टर, त्या गॅसच्या गाड्या का हो आल्या नाहीत?"

डॉक्टरला सगळं आठवत होतं.

"नगरपालिकेनं मला बजावलं होतं, बाई, की धुरानं छाती गेलेले ड्रायव्हर दाखवा, सगळ्यांना गाड्या देतो," तो म्हणाला. "दिवसभर तंबूत वाट पाहिली हो. एकसुद्धा आला नाही."