रुळाच्या अलीकडे

सोनबाच्या लेकीचा, अपेक्षाचा, साखरपुडा झाला त्या वर्षीची गोष्ट. पोलादपूरची मंडळी नवऱ्या मुलाला, विपुलला, घेऊन घरात येऊन बसली होती आणि तिचा चुलता चांगू मात्र अंगणात खुर्ची टाकून.

"काका, आत ये ना."

"मी हितंच बरा हाय."

तुडीलचं ते घर चांगूच्या वडिलांनी बांधलं, त्याला साठेक वर्षं झाली. मुंबईत एका वास्तुकाराच्या हाताखाली ते मिस्त्री होते. नकाशा साहेबानंच काढून दिला. सपाट, बसकं छप्पर. नदीच्या बाजूला भिंतच नाही, नुसत्या सरकत्या काचा. आतली शहाबादी फरशी तशीच अंगणात गेलेली. मधे उंबरठासुद्धा नाही. काचांचा पितळी रूळ तेवढा.

एका पुरात पाणी सरळ आत शिरलं. चांगू म्हणाला, भिंत घालू.

"पाणी आलं तसं गेलं की!" थोरला सोनबा म्हणाला. "बापाचं घर कोंडायचं नाय."

शब्दानं शब्द वाढला. चांगूनं ग्रामदेवतेपुढं नारळ ठेवला: दादा हाय तोवर त्या घरात पाऊल टाकणार नाय. शेजारी खोली बांधून राहिला. सकाळचा चहा मात्र रुळाच्या अलीकडे बसूनच.

"काय दादा, यंदा तरी घालतोस काय भिंत?" तो आत तोंड करून रोज विचारी.

आतून उत्तर येत नसे.

"ते नाय ऐकायचे, भावजी," म्हणत सोनबाची बायको तुळजाबाई कप पुढं करीत.

आज अपेक्षा हटून बसली. "काका शेजारी नसेल तर मी अंगठी घालणार नाय."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. चांगू खुर्चीवरून उठला. पोरीचं शुभकार्य अडलं, तेही आपल्यापायी.

"गो पोरी, देवाला शब्द दिलाय. दादा हाय तोवर नाय."

तुळजाबाई उठल्या. काचा पार शेवटपर्यंत सरकवल्या.

"विपुलराव, उठा. पाट घ्या बाहेर. आमच्या घराला आत नि बाहेर हाय कुठं?"

पाट रुळावरून पुढं आले. मागोमाग भटजी चौरंग उचलून आले. चांगूनं पुतणीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, पेढा तोंडात टाकला आणि आत वळून हाक दिली,

"दादा, तुझंच खरं रे! भिंत नको."

सोनबा वारला तो साखरपुड्याच्या दोन वर्षं आधीच्या श्रावणात. अग्नी चांगूनंच दिला होता.