तेवीस प्रती

“एकाच पुस्तकाच्या तेवीस प्रती?” समितीप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. “छापणाऱ्याशी काही नातं आहे का बाई तुमचं?”

सभासद हसले. संजीवनी हसली नाही. बेलवलीच्या या दोन खोल्यांच्या वाचनालयात ती सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होती. सरकारी अनुदान कशावर खर्च होतं ते पाहायला आमदारांची समिती आज पहिल्यांदाच तिच्या टेबलाभोवती बसली होती. अनुदान थांबलं तर दाराला कुलूप लागणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“नियम काय म्हणतो?” प्रमुखांनी शेजारच्या ग्रंथालय खात्याच्या अधिकाऱ्यांना विचारलं.

“अनुदानातून एका पुस्तकाच्या जास्तीत जास्त दोन प्रती, सर.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, बाई?”

वाचनालयाचे अध्यक्ष अण्णा तिच्या मागेच उभे होते. त्यांनी सकाळीच तोड काढून ठेवली होती. प्रती शाळेला भेट दिल्या म्हणायचं. हेडमास्तरांचं पत्र ते संध्याकाळपर्यंत आणणार होते. आत्ता त्यांनी तिच्या खुर्चीला हळूच गुडघा लावला.

“माहीत होतं, साहेब,” संजीवनी म्हणाली.

अण्णांनी गुडघा काढून घेतला.

“मग प्रती दाखवा.”

“इथे नाहीत. चामटोलीला आहेत. सकाळीच निरोप धाडलाय, येतीलच.”

“पुस्तकं चालत येतात काय तुमच्याकडे?” कडेचा एक सभासद म्हणाला. पुन्हा हशा झाला.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. चामटोलीच्या वेणूबाईनं दाराशी चपला काढल्या. एवढी माणसं बघून ती चौकट धरून उभी राहिली, मग संजीवनी दिसल्यावर आत आली. खांद्याला खताच्या गोणीची, धुऊन शिवलेली पिशवी होती.

“बावीस हायेत, बाय. सखू देत नाय. म्हनते, माझं पान अर्धं राह्यलंय, सायबांना सांग थांबाया.”

प्रमुखांनी एक प्रत उचलली. जुन्या कॅलेंडरचं कव्हर, आत मोठ्या टायपातली चौसष्ट पानं, दावं तोडून गेलेल्या एका म्हशीची गोष्ट. प्रत्येक ओळीखाली बोट फिरून फिरून मळकट वाट पडली होती. कुठे काजळी, कुठे हळद. एकतिसाव्या पानानंतर मात्र कागद कोरा करकरीत होता.

“याच्या पुढे?”

“तिथवर अजून पोचलो नाय, सायेब. भातलावनी झाली तवा तर धरलं.”

प्रमुखांनी प्रत मिटली नाही. “बाई,” ते संजीवनीला म्हणाले, “हे नेमकं वाचतं कोण? आणि कसं?”

पुस्तकं किती, कपाटं किती, आग विझवायचं नळकांडं आहे का, हे सगळं तिला आजवर विचारून झालं होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हा माणूस आपली चौकशी करायला आलाय, हे ती क्षणभर विसरली. त्याचे आभार मानावेत असं तिला वाटलं.

“चामटोलीच्या तेवीस बायका, साहेब. सगळ्या उतारवयात अक्षरं शिकलेल्या. आधी मी प्रत्येकीला वेगळं पुस्तक दिलं. घरी एकेकटी बसायची, एखाद्या शब्दाला अडायची, की पुस्तक गेलं माळ्यावर. मग सगळ्यांना एकच पुस्तक दिलं. दर बुधवारी देवळात बसतात. एकीचं अडलं की दुसरी ओळ पुढे नेते.” ती थांबली. “नियम मोडला. तो मीच मोडला.”

“तुम्ही गेला होतात चामटोलीला?” प्रमुखांनी अधिकाऱ्यांना विचारलं.

“अजून योग नाही आला, सर.”

“हं. मावशी, जरा वाचून दाखवा बरं.”

“एकटीला नाय येत, सायेब.”

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. पण वेणूबाईनं पिशवी टेबलावर ठेवली आणि पंगतीत पत्रावळी मांडाव्यात तशी एकेकापुढे एकेक प्रत मांडत निघाली. अधिकाऱ्यांना दिली. अण्णांनाही दिली.

“तुमी बोलावलंत, लई बरं केलंत,” मांडता मांडता ती म्हणाली. “आमचं वाचलेलं आयकाया कोन आलं नवतं कदी. नववं पान काढा. तिथं म्हस सुटते. एक ओळ एकाची, मंग दुसऱ्याची. आन बोट ठेवा खाली, नायतर सांडतं.”

पहिली ओळ तिनं वाचली. दुसरी संजीवनीनं. तिसरी अण्णांनी, घसा खाकरून. मग प्रमुखांची पाळी आली.

“म्हशीनं मान झटकली, दावं तुटलं आणि ती...”

ते थांबले. पुढच्या शब्दावर हळदीचं बोट पुसलेलं होतं. त्यांनी चष्मा खाली घेतला, पान खिडकीच्या उजेडात धरलं.

“नदीकडं,” वेणूबाई म्हणाली. तिनं पुस्तकात पाहिलंही नव्हतं.

“...नदीकडे निघाली,” प्रमुखांनी ओळ पुरी केली.

“आता तुमची,” तिनं अधिकाऱ्यांकडे हनुवटी केली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ओळ शोधून बोट टेकवलं.

समितीचा लिपिक पुढे वाकला. “सर, आक्षेपाच्या रकान्यात काय लिहू?”

“थांबा,” प्रमुख म्हणाले. त्यांचं बोट ओळीखालीच होतं. “पान होऊ दे.”