पिशवीतली ऊब

पहाटेच्या उजेडात लांबवर होडीचं शीड दिसलं तशी नीराबाईने चुलीतले दगड बाहेर ओढले, फडक्यात गुंडाळले आणि धर्माच्या पिशवीत सरकवले. छातीशी, पोटाशी, पायांपाशी. मग पिशवीची चेन हनुवटीपर्यंत वर ओढली. चेन मध्येच अडकली.

"अगं बाई, आत्ता नको गं," ती चेनलाच म्हणाली.

कोकणात कसली आलीय थंडी, असं मुंबईकर म्हणतात. म्हणोत बापडे. पुसाच्या महिन्यात खाडीच्या तोंडाशी, झावळ्यांच्या खोपीत एक रात्र काढून दाखवा म्हणावं! डोंगरावरून वारा सुटतो तो उजाडेपर्यंत थांबत नाही, आणि अंगाखालची वाळू ओली गार पडते. बोंबील सुकवायला तिथे उतरलेली बाकीची बिऱ्हाडं घरी परतली होती. शेवटचा माल सुकायचा राहिला म्हणून नवराबायको दोघंच मागे थांबली, आणि नेमकं धर्माला तापाने धरलं.

आत शिरून झोपायची ही पिशवी लष्करातली. गोऱ्या सोजिरांच्या टाकाऊ मालातून धर्माने ती मुंबईत घेतली, स्वराज्य आलं त्या साली. सगळ्या कोळीवाड्यात मिरवून दाखवली. "हिला सोताची ऊब नसते गं," तो नीराला शिकवायचा. "आपली ऊब ती राखून ठेवते. तोंड बंद ठेवायचं, आत ओल जाऊ द्यायची न्हाय." पिशवीतला नवरा केळीच्या पानात बांधलेल्या माशासारखा दिसतो, म्हणून नीरा पोट धरून हसायची.

आता हसू कुठलं! आता तिला एकच भीती होती. माल न्यायला आलेली ही होडी आपल्याला न घेताच गेली तर?

भीती उगाच नव्हती. त्यांच्या बंदरातली एकही होडी मढं नेत नसे. दर्याला ते खपत नाही, त्या होडीला पुन्हा मासा लागत नाही, असं सगळे मानत. गेल्या साली एक खलाशी वाटेतच गेला, तर त्याला जवळच्या किनाऱ्याला उतरवून तिथेच अग्नी दिला. त्याच्या आईला लेकाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. ती अजून बंदरावर येऊन वाट बघत बसते. धर्माची आई मनुबाई तिच्याच शेजारी राहते.

होडीचा प्रमुख, बुधाजी तांडेल, वाळूवर उतरला. त्याच्या मागोमाग मोरू खलाशी.

"धर्मा कुठं हाय?" बुधाजीने विचारलं.

"तापात हाय, काका. त्याला घरी न्यायचाय. आईकडे."

मोरू पिशवीवर वाकला. "धर्मा! ए धर्म्या!"

"हाका नका मारू, भावजी. डोळा लागलाय."

मोरूने तोंड वाकडं केलं. "काका, ह्याचं लक्षण मला बरं दिसत न्हाय. वाटेत काय झालं म्हंजे? होडी बाटंल."

"कायपन होनार न्हाय," नीरा म्हणाली.

बुधाजीने मोरूला बाजूला सारलं. गुडघे टेकले, चेन थोडी खाली ओढली आणि पिशवीत हात घातला. हात बराच वेळ आत राहिला. मग तांडेलने तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"गरम हाय," बुधाजी म्हणाला. "उचला."

बोंबलाच्या गोण्या पुढे रचल्या. पिशवी मागे, बुधाजीच्या सुकाणूजवळ ठेवली. नीरा तिला चिकटून बसली. मोरूला तांडेलने पार पुढच्या टोकाला पिटाळलं.

अर्ध्या वाटेवर वारा पडला. शीड लोंबू लागलं. होडी जागच्या जागी डुलत राहिली आणि इकडे दगड निवत चालले. नीरा पुन्हा पुन्हा पिशवीवरून हात फिरवून बघायची. मोरू सारखा मागे वळून बघत होता. शेवटी उठलाच.

"काका, बघू का जरा? हलत न्हाय तो."

"बस खाली!" बुधाजी खेकसला. "तापकरी मानसाला वारा लागू द्यायचा न्हाय, एवढी अक्कल न्हाय तुला?"

मोरू चरफडत बसला. बुधाजीने आपली घोंगडी पिशवीवर पसरली. होडीतल्या चुलीत दगड तापवले आणि स्वतः नीराच्या हातात दिले.

"छातीशी ठेव." मग जरा थांबून म्हणाला, "ओठ ओले कर त्याचे."

नीराने पदराचं टोक पाण्यात बुडवून धर्माच्या ओठांवरून फिरवलं. तिचे डोळे भरून आले. तोंडातून हुंदका फुटणार इतक्यात बुधाजीने तिचं मनगट धरलं.

"रडायचं काय झालंय? पोचतोय आपन."

आवाज एवढा कडक होता की ती दचकली. तिने पदर तोंडात कोंबला आणि तशीच बसून राहिली. तांडेलला आपला राग आला असणार, असं तिला वाटलं. त्याने मध्येच होडी कुठल्या किनाऱ्याला वळवली तर? ती त्याच्या सुकाणूवरच्या हाताकडे टक लावून बघत होती.

होडी वळली नाही. वाऱ्याने पुन्हा जोर धरला. उन्हं कलायच्या आत रेवसकडचा किनारा दिसू लागला, मग कोळीवाड्यातली घरं. वाळूत मनुबाई कपाळावर आडवा हात धरून उभी होती.

होडी टेकली. बुधाजीने पिशवी डोक्याकडून स्वतः धरली, मोरूने पायांकडून. भरतीचं पाणी पोचत नाही तिथे, कोरड्या वाळूत, त्यांनी ती हलकेच ठेवली. मनुबाई ठेचकाळत धावत येत होती. मोरू तिला आधार द्यायला पुढे गेला.

बुधाजी नीराजवळ वाकला.

"पहाटे हात घातला तवाच समजलं मला," तो हळू आवाजात म्हणाला. "आता रड, पोरी."